एका टोपात शिजेल तेच

मोरा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे विकायच्या सुक्या मासळीचे वाटे. अंगणात गोणपाट, त्यावर बोंबील आणि मांदेली ओतलेली. माझी बायको जना वाटे लावत होती आणि मी वेचून देत होतो. चाळीस वर्षं मी होडीवर तांडेल, चार माणसं माझ्या शब्दावर जाळं टाकायची. पण सुक्या मासळीत मी जनाचा गडी. एका वाट्यात मी दोन जाड बोंबील टाकले. तिनं ते उचलून माझ्या मांडीवर फेकले.

"म्हाताऱ्या, डोळे हायत का बटनं? मांदेलीत हे जाडे टाकतोस?"

"मासळी ती मासळी. बाई घेऊन जाईल."

"जाईल, आनि उद्या परत येऊन माझ्या तोंडावर मारेल. मांदेलीचा चिखल होईल तरी हे दगडावानी राहतील. एका टोपात, एका येळेला शिजेल तेच एका वाट्यात."

हा तिचा कायदा. बारीक बोंबील आणि मांदेली तिच्या वाट्यात शेजारी बसायची, दोन वेगळी मासळी असून. जाड बोंबील आणि बारीक बोंबील बसायचे नाहीत, एकच मासळी असून. मला हे कधी नीट कळलं नाही. मी हो म्हणायचो आणि पुन्हा चुकायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या तोंडाच्या एका बाजूनं गळायला लागलं. लकवा.

दवाखान्यात तिच्या नाकातून नळी घातली, कारण तिला गिळता येत नव्हतं. स्वतःची थुंकीसुद्धा नाही. ती चांगल्या हातानं नळी ओढायची, म्हणून तो हात पट्टीनं खाटेला बांधला. ती माझ्याकडं बघायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं. सहा दिवस मी ते बघितलं. सातव्या दिवशी म्हणालो, काढा ती नळी, मी घरी नेतो. डॉक्टर चांगला माणूस होता. म्हणाला, काका, तोंडानं दिलं तर छातीत जाईल. मी म्हणालो, माझी बायको आहे, माझी जबाबदारी. कागदावर सही केली. चौथी शिकलोय, सही येते.

घरी मी तिला हातानं पेज भरवली. अकरा दिवस. मग ताप, मग छातीत घरघर, मग काही नाही.

गाव म्हणालं, तांडेलानं बायकोची सेवा केली. मला सेवेचं कौतुक नको होतं. मला एकच कळायला हवं होतं. नळी ठेवली असती तर ती जगली असती का? म्हणजे, तिला मी मारली का?

हे विचारायला मी मोऱ्याहून तळवलीला गेलो. जाऊन-येऊन तीन दिवस. मोऱ्याची माणसं लाँचनं मुंबईला रोज जाऊन येतील, पण खाडीच्या आतल्या अंगाला, त्या काचेच्या ऑफिसांत आपल्यातलं कुणी गेलेलं नाही. म्हणून लिहितोय. शुद्धलेखन तपासू नका.

तळवली, पहिला दिवस

तळवलीला माझी धाकटी बहीण बेबी दिली आहे. तिच्या लग्नात मी होडीनं गेलो होतो, तेव्हा घराच्या मागं शेत आणि पुढं खाडीचा चिखल होता. आता गाव बिल्डिंगांच्या मधे असं बसलंय, जसा मोठ्या माणसांच्या घोळक्यात खाली बसलेला म्हातारा. बेबीचं घर तीन मजली झालं. खालच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, वरच्यावर हे. आपल्याकडं दार उघडं असलं की माणूस घरात आहे. तिथं दार लावलेलं असलं की माणूस घरात आहे. मी बाहेर उभा राहून परत निघणार होतो. वरून बेबी ओरडली, "दादूस! बेल वाजव ना, बेल!"

तिची मुलगी अर्चना, माझी भाची. गावातली पहिली मुलगी अशी शिकलेली. तिच्या ऑफिसात जगभरातल्या डॉक्टरांचे अभ्यास वाचतात आणि एकत्र करतात. तिनंच फोन केला होता. म्हणाली, मामा, लकव्याच्या माणसाला नळी बरी की हातानं भरवणं बरं, आमचं नेमकं तेच काम चाललंय, तू ये.

संध्याकाळी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, वांग्यात घातलेले सोडे. बेबीचा हात आईसारखा आहे, तिखट अंमळ जास्त. घास फिरत होता, उतरत नव्हता. जना गेल्यापासून असंच चाललेलं. मी भाकरी अर्धी ठेवली आणि म्हणालो, "अर्चे, सांग आता."

तिनं आईकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मामा, सगळे अभ्यास एकत्र केले ना, तर दोन्हीत फरक दिसत नाय."

"म्हंजे?"

"म्हणजे नळीवाले आणि हातानं भरवलेले, सारखेच. तू नळी काढलीस म्हणून काय झालं नाय. टेन्शन सोड आता."

"सगळ्या जगाच्या डॉक्टरांनी बघितलं?"

"सगळ्या नाय, पण बऱ्याच."

मी भाकरी पुरी खाल्ली. दुसरी मागितली. बेबी उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. भाकरी तर तव्यावर तयारच होती.

त्या रात्री मी झोपलो. एवढं लिहितो, पुरे.

ऑफिस, दुसरा दिवस

मला खरं तर परत जायचं होतं. उत्तर मिळालं होतं. पण माझ्या मनात आलं, ज्यांनी हे शोधलं त्या माणसांचे पाय धरावेत. अर्चना नको म्हणत होती. "कामाची जागा आहे मामा, तू कंटाळशील." मी हट्ट धरला. तेव्हा तिच्या तोंडाकडं नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं.

ऑफिस ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडं. खाली वॉचमन वही घेऊन बसलेला. कोणाला भेटायचं, कशासाठी. मी म्हणालो, "बायको मेली म्हणून." त्यानं पेन थांबवलं, मग 'पर्सनल' असं लिहिलं. अर्चनानं वाचून दाखवलं.

चौथ्या मजल्यावर काचेचं दार, आत गुळगुळीत फरशी. मी चपला बाहेर काढल्या. आत सगळे बूट घालून बसलेले. दुपारी बघतो तर माझ्या चपला गायब. साफसफाईच्या बाईनं कुणीतरी टाकून दिल्या समजून गोळा केलेल्या. ती मला म्हणाली, "बाबा, इथं चप्पल काढायला काय देऊळ हाय का?" आणि बाहेर मरणाचं ऊन, आत अंगाला काटा येईल एवढी थंडी. माणसं तिथं दिवसभर कशी बसतात कोण जाणे. बर्फातली मासळी तरी मेलेली असते.

अर्चनाच्या वर एक मॅडम आहेत. डॉक्टर कांबळे. पन्नाशीच्या, लातूरकडच्या, बोलण्यात तो हेल अजून आहे. मी वाकायला गेलो तर झटकन मागं सरल्या. "काका, हे काय करताव? बसा, बसा." अर्चनानं सांगितलं, माझा मामा, मामी लकव्यानं गेली. मॅडम म्हणाल्या, "मग तर बसाच. आम्ही रोज पेशंटांवर भांडतो, घरचा माणूस कधी दिसत नाही."

मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याची कार्डं मांडलेली. एक कार्ड म्हणजे एक अभ्यास. कंप्युटर असून हे कशाला, विचारलं. "कंप्युटरवर सगळं सारखंच दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "टेबलावर टाकलं की भांडता येतं."

मग त्यांनी मला समजावलं. एकेक अभ्यास लहान असतो, त्याचा भरवसा धरता येत नाही. सगळे मिळवून एक आकडा काढला तर जोर येतो. पण मिळवायच्या आधी चार गोष्टी बघायच्या. माणसं कोण होती. त्यांना काय दिलं. ते कशाशी ताडून बघितलं. आणि शेवटी काय मोजलं. हे चार जुळले तरच एका ढिगात. अगदी एकसारखे लागत नाहीत. आपल्या प्रश्नापुरते सारखे लागतात.

मी म्हणालो, "हे तर वाटे लावनं झालं."

"काय लावणं?"

मी जनाचा कायदा सांगितला. मॅडम हसल्या आणि अर्चनाला म्हणाल्या, "लिहून घे गं. दोन महिने मी तुला हे इंग्रजीत सांगतेय."

कार्डावर निकाल लिहिलेला नव्हता. मी कारण विचारलं. मॅडम म्हणाल्या, निकाल बघून वाटे लावले तर माणूस आपल्याला हवा तसा वाटा लावतो. म्हणून आधी सारखेपणा ठरवायचा, दोघींनी वेगवेगळा, एकमेकींचं न बघता. मग ताडायचं. बाकीच्या कार्डांतली माणसं सारखी आहेत यावर दोघींचं पटलं होतं, पुढचं ताडणं बाकी होतं. एकावर पटत नव्हतं. अर्चना म्हणत होती आत घ्या, मॅडम म्हणत होत्या बाहेर ठेवा.

"मामा, ते तुझंच कार्ड आहे," अर्चना घाईनं म्हणाली. "लकव्याची माणसं, घरी नेलेली, घरच्यांनीच हातानं भरवलेली. बाकीच्यांत नर्स भरवते. हे एकच आपल्यासारखं आहे. आणि सगळ्यांत मोठं."

मी कार्ड हातात घेतलं. इंग्रजी अक्षरं, मला काय कळणार. पण बरं वाटलं. वाटलं, हीच ती माणसं. कुठल्यातरी देशात माझ्यासारखेच म्हातारे चमचा घेऊन बसलेले. मी विचारलं ते सहज विचारलं, ओळख वाढवावी तसं.

"यांना पानी गिळता येत होतं का?"

मॅडमनी कार्ड घेऊन वाचलं. "हो. घरी पाठवायच्या आधी परीक्षा घेतलीय. पाणी पाजून बघितलं. ठसका लागला नाही त्यांनाच अभ्यासात घेतलं."

"नि बाकीच्या कार्डांतल्यांना?"

"त्यांना नव्हतं गिळता येत."

जनाला थुंकी गिळता येत नव्हती.

टेबलावर ती कार्डं आणि माझ्या हातात हे. मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण जनाचे दोन जाड बोंबील माझ्या मांडीवर येऊन पडले. मी कार्ड ढिगापासून लांब, टेबलाच्या टोकाला ठेवलं.

"हे यांच्यात शिजनार न्हाय."

"मामा!" अर्चना ओरडली.

"ही मांदेली हाय, अर्चे. तुझी मामी जाडा बोंबील होती."

मॅडमनी ते कार्ड टोकालाच राहू दिलं. मी विचारलं, "हे काढल्यावर काय उरतं?" त्यांनी सांगितलं. उरलेल्यांत कुणी नळी नाकातून घातलेली, कुणी पोटातून. कुणी मेलेली माणसं मोजली, कुणी वजन मोजलं. कुणी पहिल्या दिवशी सुरुवात केली, कुणी महिन्यानं. "मग आम्ही एक आकडा काढणार नाही. एकेकाचं वेगळं लिहिणार. आणि लिहिणार की सगळ्यांचं मिळून काही सांगता येत नाही."

"मग माझं उत्तर?"

"काका, तुमचं उत्तर ह्यात नाही."

"एवढ्या शिकलेल्या माणसांनी एवढं करून?"

"नाही तर नाही म्हणूनच लिहावं लागतंय. मी खोटं 'फरक नाही' लिहिलं, तर उद्या कुणीतरी ते वाचून आपल्या माणसाची नळी काढेल."

मी ते केलेलं होतं, तेसुद्धा न वाचता.

मी म्हणालो, "मग एक कार्ड माझं लिहा."

"एका माणसाचं कार्ड होत नाही, काका."

"म्हायतेय. तरी लिहा."

त्यांनी कोरं कार्ड घेतलं. मोठी बाई. दुसरी असती तर घड्याळ बघितलं असतं. "पेशंट कोण?"

"जना. माझी बायको. सुकी मासळी विकायची."

"काय दिलं?"

"पेज. गाळून, पान्यासारखी पातळ. घशाला तरास नको म्हनून. खाटेवर पडूनच, एका उशीवर."

पेन थांबलं. खाली वॉचमनचं थांबलं होतं तसंच. मी विचारलं काय झालं. काही नाही म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, वाऱ्याचं तोंड बघून दर्याला गेलेला मानूस हाय मी. तोंड वाचता येतं."

मग त्यांनी कार्डांवरून वाचून दाखवलं. जिथं नर्स हातानं भरवत होत्या तिथं पेशंटला ताठ बसवायचं. हनुवटी खाली. अन्न दाट, चमचा उलटा केला तरी पडू नये असं. "पातळ जास्त पटकन श्वासाच्या नळीत जातंय," त्या म्हणाल्या. "पण काका, त्यानंच झालं असं मला म्हणता येणार नाही. तिला काहीही होऊ शकलं असतं. तसं झालं नसतं असंही नाही म्हणता येणार."

मी रोज ती पेज दोनदा गाळायचो. जनाचीच गाळणी.

"पुढं लिहा," मी म्हणालो.

"कशाशी ताडून बघितलं?"

"कशाशीच न्हाय. जना एकच होती."

त्यांनी ती जागा कोरी ठेवली.

अर्चना मला सोडायला खाली आली. गेटापाशी भडकली. "तुला कोणी विचारलं होतं? मी सगळं जमवून आणलं होतं. निकाल बघायचा नसतो, तरी मी लपून बघितला. ते एक कार्ड आत असलं की फरक नाय येत. तुझ्यासाठी बघितला, मामा! तू काल दोन भाकऱ्या खाल्ल्यास."

"मामी असती तर तुझ्या हातावर मारलं असतं."

"माहितेय."

"मग मॅडमला सांग. मी सांगायच्या आधी."

ती रडत होती आणि वॉचमन वहीत काहीतरी लिहायचं नाटक करत होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं मला एक रात्र दिली होती. ती चोरीची होती, पण दिली होती.

द्रोणागिरी, तिसरा दिवस

बेबीनं डब्यात भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली. तिला अर्चनानं सगळं सांगितलेलं असावं, कारण ती भांडली नाही. बेबी भांडत नाही म्हणजे फार झालं. एवढंच म्हणाली, "दादूस, थोडे दिवस इथंच रहा ना. तिथं कोन हाय तुला?"

"घर हाय."

"घर काय बोलतंय व्हय?"

परत येताना मी बसमधून चुकून द्रोणागिरीला उतरलो. लक्ष नव्हतं. रुंद रस्ते, माणूस नाही, दोन्ही बाजूंना गोदामं आणि कंटेनरच्या थप्प्या. झाड शोधलं तर झाड नाही. एका ट्रेलरच्या सावलीत बसलो. ड्रायव्हर पंजाबकडचा होता. त्यानं पाणी दिलं, मी सुकट पुढं केली. वास घेऊन तो मागं सरकला आणि भाकरी तेवढी घेतली. हातानं खुणा करून विचारलं, घरी कोण. मी एक बोट वर केलं आणि मग ते खाली केलं. त्याला कळलं. त्यानं ट्रेलरवर बसवून मला उरणच्या नाक्यापर्यंत सोडलं. एवढ्या उंचावरून रस्ता मी पहिल्यांदा बघितला. इथं तिवरं होती, इथं आम्ही पोरपणी खेकडे धरायचो, हे त्याला सांगावंसं वाटलं. हिंदी तेवढी येत नाही.

मोऱ्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडलेल्या. घर उघडलं. सुक्या मासळीचा पत्र्याचा डबा होता तिथंच, तिनं लावलेल्या शेवटच्या वाट्यांसकट. उघडला नाही.

मोरा, दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी उठून पेज केली. तशीच. दोनदा गाळली. वाटीत घेतली, तिचाच चमचा घेतला, आणि तिच्या खाटेवर, तिच्या एका उशीवर आडवा झालो. वरचे पत्रे दिसतात तिथून. अकरा दिवस तिला हेच दिसत होतं.

एक चमचा तोंडात ओतला. गिळायच्या आधीच तो आत गेला, नको तिकडं. मी असा खोकलो की डोळे बाहेर येतात की काय. वाटी आडवी झाली, अंथरूण भिजलं. माझा घसा धड, म्हणून मला खोकता आलं. जनाला खोकता येत नव्हतं. ती नुसती माझ्याकडं बघायची आणि मला वाटायचं, गेली सरळ आत, चांगली गेली. मग मी दुसरा चमचा द्यायचो.

भिंतीपलीकडून शेजारची भागीबाय ओरडली, "काय झालं वो तांडेल?"

"काय न्हाय. पेज पीत होतो. पडून."

"पडून कोन पेज पितं? बसा नि प्या."

मी उठून बसलो.